बाबांबरोबर काळा घोडा : एक शनिवार, थोडी चित्रं

कौलारू

मंडळी, गेल्या शनिवारी आम्ही सहा जण मुंबईत काळा घोड्याला चित्रं बघायला गेलो होतो. मी, नवरा, तिसरीतली लेक, माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचा मुलगा आणि माझे बाबा. लिहायचं कारण बाबाच आहेत.

बाबा जवळजवळ चाळीस वर्षं बोर्ड पेंटर होते. लालबाग, परळ, गिरगाव या भागात दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, मंडळांचे फलक, निवडणुका आल्या की भिंती. फ्लेक्स आलं आणि बघता बघता काम संपलं. रंगाचं सामान आणायला ते फोर्टात नेहमी जायचे. जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोरून किती वेळा गेले असतील, गणती नाही. पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाले, "तिकीट किती ते माहीत नव्हतं. आणि घ्यायचं काही नसताना उगाच आत कशाला जायचं?"

जहांगीरला तिकीट नाही. कोणीही जावं, हवा तेवढा वेळ उभं राहावं. बाबांना हे सत्तरी उलटल्यावर कळलं, आणि तेही मी सांगितलं म्हणून. मीसुद्धा इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, याचं वाईट वाटत राहिलं.

डोंबिवलीहून दुपारची गाडी धरली, सीएसएमटीला उतरलो आणि हुतात्मा चौकावरून चालत निघालो. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सहाला बंद होतं, म्हणून आधी तिथे. (सोमवारी ते बंदच असतं.) बाहेरची गोल दर्शनी बाजू दिसल्याबरोबर बाबा थांबले. "अगं, हा तर कावसजी हॉल!"

मला फक्त पाटीवरचं नाव माहीत होतं. १९११ साली बांधलेला हा कावसजी जहांगीर हॉल. समोरच्या वस्तुसंग्रहालयाची इमारत ज्या जॉर्ज विटेटची, त्याचंच हेही काम. १९९६ मध्ये इथे चित्रसंग्रहालय आलं. त्याच्या आधी इथे मैफली झाल्या, सभा झाल्या, लग्नाचे स्वागत समारंभ झाले, कामगार संघटनांच्या बैठका झाल्या. माझे आजोबा गिरणीत होते. तसल्याच एका सभेला ते बाबांना खांद्यावर बसवून इथे घेऊन आले होते. बाबांना भाषण काही आठवत नाही, छत आठवतं. जिने चढत चढत घुमटाखालच्या सगळ्यात वरच्या दालनात पोचलो तेव्हा बाबा भिंतीवरची चित्रं सोडून कितीतरी वेळ वरच बघत होते. लेकीने विचारलं, "आबा, वर काय आहे?" ते म्हणाले, "माझे वडील."

तिथून जहांगीर दोन मिनिटांवर. मध्ये एक प्रसंग घडला तो सांगते. वाटेत एका खासगी दालनाचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून आम्ही आत डोकावलो. टेबलावरच्या व्यक्तीने आम्हां सहा जणांकडे, मुलांच्या हातातल्या पाण्याच्या बाटल्यांकडे आणि बाबांच्या चपलांकडे बघितलं आणि "कोणाला भेटायचंय?" असं विचारलं. मी म्हटलं, चित्रं बघायची आहेत. "आज गर्दी नको आहे." आत एकही माणूस नव्हता. बाबा काही न बोलता मागे वळले. जहांगीरच्या पायऱ्यांशी आल्यावर म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसतो." लेकीने त्यांचा हात धरून ओढला म्हणून आत आले, नाहीतर ती संध्याकाळ तिथेच संपली असती.

आत एका दालनात जलरंग लावले होते. चित्रकार गृहस्थ कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. बहुतेक चित्रं पावसाची होती: भाजीबाजार, एसटी स्टँड, घाटातला चहाचा ठेला. बाबा एका चित्रासमोर उभे राहिले ते हलेचनात. ओला रस्ता, त्यावर एक बाई छत्री घेऊन पाठमोरी चाललेली. बाबा आधी समोरून बघत होते, मग कडेला जाऊन कागदावर तिरकी नजर टाकली, मग चष्मा वर करून जवळ गेले. आणि मला म्हणाले, "छत्रीवरचा उजेड बघ. हा पांढरा रंग नाही. कागद सोडलाय."

मी बघितलं. खरंच, छत्रीच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक पट्टी कोरी होती. तिथे रंग लागलाच नव्हता. तेवढ्याने छत्री ओली दिसत होती.

चित्रकारांनी ऐकलं आणि उठून आले. पुढची वीस मिनिटं दोघं बोलत होते आणि आम्ही कोणीच मध्ये पडलो नाही. बाबा म्हणत होते, "आमच्या इनॅमलमध्ये चुकलं तर रॉकेलचा बोळा फिरवायचा, पुसून निघतं. तुमच्यात सोयच नाही." ते म्हणाले, "म्हणून आधी डोक्यात पुसायचं, मग कागदावर जायचं." मग खारीच्या केसांच्या ब्रशवर गाडी गेली. बाबांनी हवेत 'श्री' काढून दाखवला, करंगळी टेकवून, एका दमात.

निघताना अभिप्रायाची वही होती. बाबांनी पेन घेतलं आणि सावकाश दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मी खाली प्रतिसादात सांगेन, आत्ता लेक उठली आहे.

बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसतात, त्यांच्याकडून मुलांनी पाच-पाच मिनिटांत स्वतःची रेखाचित्रं काढून घेतली. मग भेळ, आणि कर्जत लोकल.

तुम्ही घरच्या मंडळींना घेऊन चित्रं बघायला जाता का? कुठे? लिहा ना.

---

बोरीबंदर

सुरेख. जहांगीर म्हटलं की मला तिथलं समोवार कॅफे आठवतं. १९६४ ते २०१५ ते त्या इमारतीत होतं. लांबट चिंचोळी जागा, एका बाजूला बाग, पुदिन्याचा चहा. कॉलेजात असताना आमच्याकडे एका चहाचे पैसे असायचे आणि तो चहा आम्ही दोघं दीड तास पुरवायचो. कोणी उठवत नसे. ज्या माणसाबरोबर पुरवला, त्याच्याशीच लग्न झालं. ३१ मार्च २०१५ ला ते बंद झालं, त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही मुलांना घेऊन मुद्दाम जाऊन आलो.

चित्रं मात्र त्या काळात फारशी बघितली नाहीत. तुमचं वाचून वाटलं, आता जावं.

---

ओलाकागद

मी स्वतः जलरंगात काम करतो आणि जहांगीरला एकदा प्रदर्शन केलं आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

तिथलं दालन मिळायला अर्ज करावा लागतो, कामं दाखवावी लागतात, आणि निवड झाली तरी तारीख मिळायला वर्षं जातात. माझ्या बाबतीत अर्ज केला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, प्रदर्शन लागलं तेव्हा ती माझ्याबरोबर चित्रं टांगायला होती. आठवडा मंगळवार ते सोमवार. सोमवारी संध्याकाळी आधीच्या माणसाची चित्रं उतरतात आणि तुमचा टेम्पो खाली उभा असतो. रात्री उंची मोजून टांगायचं, दिव्यांचे झोत फिरवायचे, नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या. मंगळवारी दार उघडतं आणि मग सात दिवस, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, तुम्ही त्या खुर्चीवर.

त्या खुर्चीवरून काय दिसतं सांगू? माणसं दारापाशी घुटमळतात. आत आली की भिंतीकडेने भरभर एक फेरी मारून 'छान आहे' म्हणत निघून जातात. घाबरलेली असतात. त्यांना वाटतं आपण काही विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल, किंवा आम्ही विकत घ्या म्हणून मागे लागू. चित्राखाली लाल टिकली दिसली की ते विकलं गेलंय, एवढंच तिथे पैशाचं बोलणं. बाकी आम्ही दिवसभर कोणीतरी थांबेल म्हणून वाट बघत असतो. 'कागद सोडलाय' म्हणणारा माणूस सात दिवसांत एखादाच भेटतो. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

आणि मंडळी, सोमवारी संध्याकाळी जाऊ नका, निम्मी चित्रं खोक्यात असतात.

---

कौलारू

@ओलाकागद, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. 'झोत फिरवायचे' हे ऐकून म्हणाले, पाटी टांगल्यावर मीही समोरच्या फुटपाथवरून ट्यूबलाइट कुठे लावायची ते सांगायचो.

---

खारेपाट

लहान मुलं कंटाळत नाहीत का? माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. गेल्या वर्षी राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेलं तर जुन्या मुंबईच्या मातीच्या छोट्या प्रतिकृतींपाशी रमला. पण नुसत्या भिंतीवरच्या चित्रांशी काय करावं ते कळत नाही.

---

कौलारू

@खारेपाट, मैत्रिणीने युक्ती केली. प्रत्येक मुलाने दालनातलं एकच चित्र निवडायचं आणि बाहेर आल्यावर, न बघता, त्यात काय काय होतं ते सांगायचं. त्यामुळे दोघंही एका चित्रापाशी थांबली. तिच्या मुलाने बाजारातल्या चित्रात तागडीखाली बसलेलं मांजर शोधलं, ते आम्हां मोठ्यांपैकी कोणालाच दिसलं नव्हतं. आणि दोन दालनांच्या वर नेऊ नका. भूक लागायच्या आत बाहेर पडायचं.

राणीच्या बागेत गेलात तर मुलाला मूळ काळा घोडाही दाखवा. ज्याच्यावरून चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली हलवला आणि आता तिथे बागेत आहे. चौकातला सध्याचा घोडा २०१७ चा, त्याच्यावर स्वार नाही. माझ्या लेकीचा पहिला प्रश्न तोच होता, "बसणारा कुठे गेला?"

---

स्पष्टवक्ता

मी थोडं वेगळं बोलतो. पावसाळी रस्ता, छत्री, मांजर हे सगळ्यांना आवडतं कारण ओळखू येतं. पण याच दालनांमध्ये नुसते रंगाचे पट्टे नाहीतर डाग लावलेले असतात आणि त्यांच्याखाली लाखांचे आकडे. मी प्रामाणिकपणे बघायचा प्रयत्न केला आहे. मला त्यात काही सापडत नाही, आणि कोणी समजावूनही सांगत नाही. मग सामान्य माणूस परका राहतो, हा दोष त्याचा का?

---

ओलाकागद

@स्पष्टवक्ता, दोष तुमचा नाही. समजावणारं कोणी हवं हे अगदी मान्य. मी माझ्यापुरतं सांगतो.

वासुदेव गायतोंड्यांचं चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मलाही काही सापडलं नव्हतं. नागपुरात १९२४ साली जन्मलेला, गिरगावात वाढलेला, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा माणूस. ब्रशपेक्षा रोलर आणि रंगाची सुरी वापरायचा. एक थर लावायचा, तो खरवडायचा, वर दुसरा लावायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. मी जाऊन चित्रासमोर दोन मिनिटं उभा राहिलो, निघालो, बाहेर चहा प्यायलो आणि परत गेलो. दुसऱ्या वेळी मी 'हे कशाचं चित्र आहे' हे विचारणं सोडलं आणि खालचा थर कुठून वर डोकावतोय तेवढंच शोधत राहिलो. मला आमच्या गावच्या घराची भिंत आठवली, दर दिवाळीला चुना लावून लावून जाड झालेली, जिथे पोपडा निघाला की आतला जुना निळा दिसायचा. त्याला हे अभिप्रेत होतं असं मी म्हणत नाही. पण मी तिथे अर्धा तास होतो.

तुम्हाला काहीच झालं नाही तर पुढच्या चित्राकडे जा. तेही चालतं. मला आजही निम्म्या चित्रांपुढे काही होत नाही.

---

स्पष्टवक्ता

पोपडा निघालेल्या भिंतीचं पटलं. पुन्हा जाईन. किमतीचं मात्र पटलेलं नाही.

---

माणदेशी

मुंबईचंच चाललंय म्हणून आमच्याकडचं सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं आणि आपला संग्रह गावाला बघायला ठेवला. रविवर्म्याची चित्रं आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं मायलेकरांचं शिल्पसुद्धा आहे.

आमच्याकडे पाहुणे आले की देवीचं दर्शन आणि येताना संग्रहालय, असा ठरलेला क्रम. माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण त्या मायलेकराच्या शिल्पापुढे दरवेळी उभी राहायची आणि म्हणायची, "दगडाला कूस दिलीय." हेन्री मूर कोण हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

---

फोंतेन्यास

औंध यादीत टाकलं. पणजीला आलात तर संध्याकाळी पाचनंतर फोंतेन्यास या जुन्या वस्तीत पायी फिरा. जवळच पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या संग्रहात आंजेलो दा फोंसेका यांची चित्रं आहेत. गोव्याचा माणूस, शांतिनिकेतनात शिकला आणि आयुष्याची बरीच वर्षं पुण्यातल्या आश्रमात राहून चित्रं काढली. त्यांची मेरी साडी नेसलेली आहे. माझ्या सासूबाईंनी ते चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या वाड्यावरची दिसते." आम्ही हिंदू, त्या सहसा चर्चच्या चित्रांकडे वळत नाहीत. त्या दिवशी दोनदा जाऊन आल्या. पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवाही मुलांना आवडतं, तिथे मोठाली शिल्पं आहेत.

---

टेम्सकाठ

लंडनहून. इथे नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. ऑफिस सुटल्यावर जाता येतं. आईबाबा आले होते तेव्हा आम्ही चार शुक्रवार गेलो, दर वेळी दोनच खोल्या. आपल्याकडची सरकारी संग्रहालयं सहाला बंद होतात, नोकरदार माणसाने जायचं कधी? आठवड्यातून एक दिवस तरी उशिरापर्यंत उघडी ठेवावीत असं मला फार वाटतं.

---

बोरीबंदर

@टेम्सकाठ, शंभर टक्के. मुंबईत २०१२ पासून जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा कुलाबा-फोर्टातली खासगी दालनं मिळून प्रदर्शनं लावतात. @कौलारू, त्या दिवसांत बाबांना घेऊन जा. एका दारावर जे घडलं त्याने सगळी दारं बंद समजू नका.

आणि वहीत काय लिहिलं ते राहिलं!

---

कौलारू

हो, सांगते. बाबांनी लिहिलं होतं:

'कागद राखलात. हात स्थिर आहे. असाच राहो.
— एक पेंटर'

चित्रकारांनी वही उचलली आणि मजकुराच्या आधी अक्षरच बघत राहिले. साधं बॉलपेन, पण जाड-बारीक वळणं अगदी ब्रशने काढल्यासारखी, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुठल्या पाट्यांवर बघायला मिळेल?" बाबा म्हणाले, "आता कुठेच नाही. सगळ्यांवर फ्लेक्स चढलं." मग त्यांनी पानाचा फोटो काढून घेतला आणि बाबांना एक छोटं स्केच दिलं, पैसे घेतले नाहीत. ते आमच्याकडे देवघराशेजारी लावलंय.

घरी येताना गाडीत बाबा बोलले नाहीत. ठाणे गेल्यावर एकदम म्हणाले, "चाळीस वर्षं मी बाहेरच्या बाजूने पेंटर होतो." मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

---

माणदेशी

पाट्या कुठेच नाहीत असं कसं? शोधा की. गावाकडे अजून फ्लेक्सखाली जुना पत्रा तसाच असतो.

---

गायवाडी

मी या धाग्यावर फक्त वाचत होतो. गिरगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी आहे. तिची पाटी हाताने रंगवलेली आहे, हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, काळी सावली दिलेली. 'येथे गहू, ज्वारी, बाजरी, भाजणी दळून मिळेल' यातला 'ळ' फार सुंदर आहे, लहानपणी मी तोच गिरवायचो. कोणी रंगवली ते माहीत नाही. खाली कोपऱ्यात सही नाही, एक बारीक फूल आहे.

---

कौलारू

@गायवाडी, किती पाकळ्या?

---

गायवाडी

आत्ता खाली जाऊन बघून आलो. पाच आहेत. एक पाकळी खाली वळलेली, देठासारखी.

---

कौलारू

बाबांचीच आहे. ते सही करत नसत, फूल काढायचे, आणि शेवटची पाकळी ब्रश उचलताना खाली ओढायचे. आत्ता फोनवर सांगितलं तर दोन वेळा विचारलं, "भाजणी लिहिलंय का? भाजणीच ना?"

रविवारी सकाळी येतो आहोत, सहाच्या सहा जण. गिरणी किती वाजता उघडते?

---

गायवाडी

रविवारी साडेआठला. बाबांसाठी खुर्ची काढून ठेवतो, समोरच्या फुटपाथवर सावली असते.